पुढचा ट्रॅक रुंद, मागचा अरुंद: थार सीआरडीईला मागे स्पेसर लावावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. पहिल्या पिढीतली महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल इंजिनची) मागून पाहिली की मागची चाकं मडगार्डच्या बरीच आत दिसतात आणि पुढची कडेला आलेली असतात. वाळूत, चिखलात मागची चाकं पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत नीट बसत नाहीत. तर मागे ५० मि.मी.चे स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये घालायच्या जाड चकत्या) लावून दोन्ही ट्रॅक सारखे करावेत का? ऑस्ट्रेलियातले टोयोटा लँड क्रूझर ७९ वाले असं काहीतरी करून घेतात, मग आपण का नाही?

आधी उत्तर सांगतो. फरक खरा आहे, त्याचा त्रासही खरा आहे, पण समजतात तेवढा मोठा नाही. गाडी डांबरी रस्ता, घाट आणि दगडधोंड्यांच्या जंगलवाटा एवढ्यातच फिरत असेल तर काहीही करू नका. सरळ लांबलचक वाळू किंवा पावसाळ्यातली काळी माती हाच नेहमीचा मामला असेल, तर मागचं प्रत्येक चाक २० ते २५ मि.मी. बाहेर घ्या, आणि तेही शक्यतो वेगळ्या ऑफसेटच्या, म्हणजे चाक बाहेर बसवणाऱ्या, रिमने. पूर्ण फरक भरून काढायच्या मागे लागू नका.

आता आकडे. ट्रॅक म्हणजे एकाच अ‍ॅक्सलवरच्या दोन टायरांच्या मध्यरेषांमधलं अंतर. थार सीआरडीईचा पुढचा ट्रॅक १४४५ मि.मी. आणि मागचा १३४६. फरक ९९ मि.मी., म्हणजे मागचं चाक दर बाजूला साडेएकोणपन्नास मि.मी. आत. लँड क्रूझर ७९ मध्ये २००७ पासून, म्हणजे ४.५ लिटरचं व्ही-८ डिझेल आल्यापासून, हा फरक ९५ मि.मी. आहे. दोन गाड्या वेगळ्या, पण दुखणं जवळपास एकाच मापाचं. तुलनेला बघा: जिप्सी किंगचे ट्रॅक १३०० आणि १३१०, आताच्या जिम्नीचे १३९५ आणि १४०५, जुन्या डिफेंडरचे पुढेमागे दोन्ही १४८६. म्हणजे दहाएक मि.मी.चा फरक कंपन्या सर्रास ठेवतात आणि त्याची कुणी दखलही घेत नाही. शंभराच्या घरातला फरक मात्र डोळ्यांत भरतो.

तो येतो कुठून? पुढची चाकं वळावी लागतात, हे मूळ कारण. थारला २३५/७० आर १६ टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ७३५ मि.मी., त्रिज्या ३६८. स्टिअरिंग पूर्ण फिरवून चाक ३५ अंश वळलं, तर टायरची मागची कड त्रिज्या गुणिले साइन ३५, म्हणजे २११ मि.मी. चॅसिसच्या दिशेने आत सरकते. एवढी जागा पुढे मोकळी हवीच. मागच्या चाकाला हा प्रश्नच नाही, ते चॅसिसला आणि पाट्यांना (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगना) चिकटून बसलं तरी चालतं. पुढचं चाक दर बाजूला ४९ मि.मी. बाहेर नेलं तर ढोबळ हिशेबाने आठ-नऊ अंश जास्त वळायला जागा मिळते. अरुंद घाटवळणावर एका दमात वळणारी गाडी आणि मागेपुढे करत वळणारी गाडी यांच्यातला फरक तेवढाच असतो. फोर्डने एफ-४५० पिकअपला पुढे मुद्दाम रुंद अ‍ॅक्सल दिला तोही वळण आखूड व्हावं म्हणूनच.

दुसरं कारण जुळवाजुळवीचं. थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बारचं (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) स्वतंत्र सस्पेन्शन आहे, मागे पाट्यांवरचा एकसंध अ‍ॅक्सल. दोन्ही टोकं एका मापावर आखून काढलेली नाहीत. लँड क्रूझरचंही तसंच. व्ही-८ इंजिन बसवायला पुढचं चॅसिस रुंद करावं लागलं, त्याबरोबर पुढचा अ‍ॅक्सल रुंद झाला, मागचा आहे तसाच ठेवला. नवा अ‍ॅक्सल आखायचा, साचे करायचे, चाचण्या घ्यायच्या, हा खर्च वाचला. याला चूक म्हणता येणार नाही, हा हिशेब आहे. त्याची किंमत वाळूत गाडी घालणाऱ्याने मोजावी, असं ठरलं इतकंच. (२०२० साली आलेल्या नव्या थारला मागे कॉइल स्प्रिंगचं वेगळंच सस्पेन्शन आहे. हे उत्तर तिच्यासाठी नाही.)

काहीही विकत घेण्याआधी स्वतःच्या गाडीचा ट्रॅक मोजा. पुस्तिकेतला आकडा कारखान्यातून निघालेल्या गाडीचा असतो, तुमच्या गाडीवर आधीच्या मालकाने काय केलंय ते पुस्तिकेला ठाऊक नसतं. गाडी सपाट फरशीवर घ्या, चारही टायरांत सारखी हवा ठेवा, आणि सरळ रेषेत आठ-दहा मीटर पुढे नेऊन हाताने स्टिअरिंग सरळ ठेवून थांबवा. हे चालवणं महत्त्वाचं. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी जॅकवरून नुकतीच उतरवली असेल तर पुढची चाकं आत ओढलेलीच राहतात, थोडी चालल्याशिवाय मूळ जागी बसत नाहीत. मग डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून उजव्या टायरच्या आतल्या कडेपर्यंत टेप धरा. दोन्ही टायर एकाच मापाचे असतील तर हेच अंतर म्हणजे ट्रॅक, मध्यरेषा शोधत बसायला नको. टायरच्या फुगवट्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण केलीत तर माप आणखी चोख येतं. हे माप टायरच्या पुढच्या बाजूला एकदा आणि मागच्या बाजूला एकदा घ्या आणि सरासरी काढा, म्हणजे टो-इनचा (चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असतात त्याचा) फरक त्यात जिरून जातो. तीनदा मोजून दोन-तीन मि.मी.च्या आत आकडा आला की तो धरायचा.

इथेच एक घोळ हमखास सापडतो. टॉर्शन बार पिळून पुढची उंची वाढवलेली असते. चाक धरणारे आर्म खाली झुकले की पुढची चाकं किंचित आत येतात, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलतो, आणि मोजलेला फरक ९९ पेक्षा कमी भरतो. मागच्या एकसंध अ‍ॅक्सलचा ट्रॅक मात्र शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) लांब करा की पाटे वाढवा, तसूभरही बदलत नाही. तेव्हा उंची वाढवलेली गाडी असेल तर आधी उंची आणि अलाइनमेंट नक्की करा, ट्रॅकचा हिशेब नंतर. आणखी एक: चारही चाकांना एकसारख्या जास्त बाहेर येणाऱ्या रिम बसवून "आता ट्रॅक सुधारला" असं बरेच जण म्हणतात. दोन्ही ट्रॅक सारख्याच मापाने वाढले, फरक जिथल्या तिथे. वर पुढच्या चाकाची स्क्रब त्रिज्या (चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस जमिनीला मिळतो ती जागा आणि टायरची मध्यरेषा यांतलं अंतर) वाढली ती वेगळी. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हाताला झटका देतं ते त्यामुळेच.

आता त्रास नेमका काय होतो ते पाहू.

वाळूत पुढचं चाक जमीन दाबून पक्की करतं. मागचं चाक त्याच पट्ट्यावरून गेलं तर त्याला कमी जोर लागतो. थारच्या टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा साधारण १९० मि.मी. रुंद धरू. मागचं चाक ४९ मि.मी. आत असेल तर या पट्ट्याचा पाव भाग कोऱ्या वाळूवर चालतो आणि शिवाय चाकोरीची आतली भिंत कापत जातो. प्रत्यक्षात गाडी दोन्ही बाजूंना सारखा त्रास काढत नाही. मागचा अ‍ॅक्सल थोडा एका बाजूला घसरतो, एक चाक चाकोरीत अलगद बसतं आणि दुसरं पूर्ण ९९ मि.मी. आत राहतं. गाडी थांबवून मागे वळून पाहा: एका बाजूला एकच स्वच्छ रेघ दिसेल आणि दुसऱ्या बाजूला एकमेकींवर चढलेल्या दोन. गाडी किंचित तिरकी चालत असते, कोन जेमतेम सव्वा अंशाचा. खोल चाकोरीत हाच तिरकेपणा मागचं चाक भिंतीवर चढवतो, ते घसरून परत खाली येतं, आणि चालकाला मागची बाजू शेपूट हलवल्यासारखी वाटते. काळ्या मातीत भिंत चिकट आणि उभी असते, म्हणून तिथे वाळूपेक्षा जास्त जाणवतं. तुमच्या आधी गेलेल्या दुसऱ्या गाडीच्या चाकोरीत शिरलात तरी तेच. तिचा ट्रॅक तुमच्या पुढच्या चाकांना जुळेल किंवा मागच्या, दोन्हींना कधीच नाही.

पण हे सगळं सरळ रेषेतलं. वळणावर चित्र पालटतं, आणि स्पेसर विकणारा हा भाग सांगत नाही. कुठल्याही गाडीचं मागचं चाक वळणावर पुढच्याच्या आतून जातं. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, २४३० मि.मी. आहे. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य २० मीटर त्रिज्येवर फिरत असेल, तर दोन्ही ट्रॅक सारखे असते तरी मागचं आतलं चाक पुढच्या आतल्या चाकाच्या सुमारे १५० मि.मी. आतून गेलं असतं. मागचा ट्रॅक अरुंद असल्यामुळे हे अंतर १०३ मि.मी.वर येतं. म्हणजे आतल्या बाजूला अरुंद मागचा ट्रॅक मदतच करतो: वळणावरचा दगड पुढच्या चाकाने चुकवला तर मागचं चाक त्यावर चढायची शक्यता कमी. सुमारे ६० मीटर त्रिज्येच्या सौम्य वळणावर तर आतलं मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीत तंतोतंत पडतं. बाहेरच्या बाजूला मात्र हेच उलटं होतं, २० मीटरच्या वळणावर तिथे दोन चाकांमध्ये १९० मि.मी.हून जास्त अंतर पडतं. सह्याद्रीतल्या वळणावळणाच्या जंगलवाटेवर दोन्ही ट्रॅक सारखे असले काय आणि नसले काय, चाकोरी एक पडणारच नाही. म्हणून सुरुवातीला म्हटलं, अशा वाटांसाठी पैसे घालू नका.

आडव्या उतारावर गाडी उलटण्याची भीती हे स्पेसर घेण्याचं दुसरं लाडकं कारण. हिशेब करून पाहू. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मि.मी. आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्ये आहे असं गणितापुरतं धरा. सस्पेन्शन आणि टायर दबत नाहीत असंही धरा. आहे त्या ट्रॅकवर गाडी ४४.९ अंशांना उलटेल. मागचा ट्रॅक पुढच्याइतका केला तर ४५.९ अंशांना. कमाई एक अंशाची. आता हार्डटॉपवर कॅरिअर बसवून ६० किलो सामान २ मीटर उंचीवर ठेवा: गुरुत्वमध्य ४० मि.मी.हून जास्त वर जातो आणि उलटण्याचा कोन ४३.२ वर येतो. म्हणजे टपावरचं सामान पावणेदोन अंश खातं आणि ५० मि.मी.चे स्पेसर एक अंश परत देतात. प्रत्यक्ष गाडी यापेक्षा बऱ्याच आधी उलटते, कारण खालच्या बाजूचे स्प्रिंग आणि टायर दबतात. पण तुलना तीच राहते. स्थैर्य हवं असेल तर आधी टप रिकामा करा.

डांबरावर गाडी वळणात कलते तेही स्पेसरने कमी होत नाही, आणि हे न पटणारे फार आहेत. एकसंध अ‍ॅक्सलवर बॉडी पाट्यांवर टेकलेली असते. बॉडी किती कलायची ते दोन पाट्यांमधलं अंतर ठरवतं, चाकांमधलं नाही. स्पेसरने पाटे जागचे हलत नाहीत. फक्त टायरांच्या दबण्यामुळे अख्खा अ‍ॅक्सल जो किंचित कलतो तेवढं कमी होतं. पुढच्या स्वतंत्र सस्पेन्शनला स्पेसर लावले तर उलटंच होतं: चाकाला आर्मवर जास्त तरफ मिळते आणि तेच टॉर्शन बार नरम पडल्यासारखे वागतात. पुढे स्पेसर लावूच नयेत, याचं स्क्रब त्रिज्येनंतरचं हे दुसरं कारण.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: हवा. वाळूत ३० पीएसआयवरून १६-१८ पीएसआयवर आलात की टायरचा टेकणारा पट्टा लांब होतो, चाकोरी उथळ पडते, आणि चाकोरीच उथळ असेल तर तिची भिंत मागच्या चाकाला कितीशी नडणार? ट्रॅक सारखा करून मिळणारा फायदा याच्यापुढे किरकोळ आहे. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरतो. आणि डांबरावर येण्याआधी हवा भरायला पंप जवळ ठेवा, कमी हवेच्या टायरवर वेगाने गेलात की बाजूची भिंत तापून फाटते. (गोव्याच्या किनाऱ्यांवर गाडी घालणं बेकायदा आहे. वाळूचा सराव तिथे करू नका.)

एवढं करूनही सरळ वाळू किंवा चिखल हाच रोजचा रस्ता असेल, तर मागचं चाक बाहेर घेण्याचे तीन मार्ग उरतात.

पहिला, मागे वेगळ्या ऑफसेटच्या रिम. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर किंवा आत, तो ऑफसेट. ऑफसेट २५ ने कमी केला की चाक २५ मि.मी. बाहेर येतं. नट, स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट चढतात ते बोल्ट), हब सगळं मूळचंच राहतं आणि सांधा एकच राहतो, म्हणून हा मार्ग सगळ्यात सुरक्षित. विकत घेताना रिमवर कोरलेली भारक्षमता वाचा, पीसीडी (स्टडच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) आणि मधल्या भोकाचं माप व्हर्नियरने तपासा, आणि नटाची बैठक मूळ नटासारखीच शंकूची आहे की नाही ते बघा. शंकूच्या बैठकीत गोल तोंडाचा नट आवळला तर तो फक्त कडेवर टेकतो आणि शंभर किलोमीटरांत ढिला होतो. तोटा एकच, पण रोजचा: पुढची-मागची चाकं आता आपसात बदलता येत नाहीत आणि स्टेपनी एका अ‍ॅक्सललाच नीट शोभते. पंक्चरनंतर दुकानापर्यंत जायला ती कुठेही चालेल, व्यास सारखा असेल तर डिफरन्शिअलला काही फरक पडत नाही.

दुसरा मार्ग स्पेसरचा. चकतीसारखा नुसता मध्ये घालायचा आणि मूळ स्टडवरच चाक आवळायचं, हा प्रकार पाच मि.मी.च्या पुढे विचारातही घेऊ नका. नटाला आटे पुरत नाहीत. नियम साधा आहे: स्टडचा व्यास जेवढा, निदान तेवढ्या लांबीचे आटे नटात शिरले पाहिजेत. १२ मि.मी.चा स्टड आणि १.५ चा आटा असेल तर नट किमान आठ पूर्ण फेरे चढला पाहिजे. फेरे मोजून बघा, आठच्या आत नट गच्च झाला तर तो स्पेसर परत करा. दुसरा प्रकार बोल्ट-ऑन: स्पेसर मूळ स्टडवर आवळायचा आणि त्याच्याच स्वतंत्र स्टडवर चाक. यात मेख अशी की स्पेसर पातळ असेल तर मूळ स्टडची टोकं त्याच्या बाहेर डोकावतात. २५ मि.मी.चा बोल्ट-ऑन स्पेसर म्हणूनच बहुतेक वेळा अडचणीचा ठरतो. रिमच्या पाठीला खाचा असतील तर टोकं त्यात बसतात, नसतील तर रिम स्पेसरला न टेकता स्टडच्या टोकांवर टेकते. बाहेरून सगळं घट्ट वाटतं. तपासायची पद्धत: स्टडच्या टोकांना आणि आतल्या नटांच्या डोक्यांना मार्कर किंवा ओला खडू फासा, चाक आवळा, काढा, आणि रिमच्या पाठीवर ठसा उमटला का ते बघा. ठसा असेल तर तो स्पेसर तुमच्या रिमसाठी नाही. ग्राइंडरने स्टड छाटून वेळ मारून नेणारे आहेत, पण मग पुढे स्पेसर काढून मूळ रिम लावायची वेळ आली की आटे अपुरे पडतात.

स्पेसर घेताना तो फोर्ज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा आहे का, आतली कड हबवर गच्च बसते का आणि बाहेरची कड रिमचं मधलं भोक पकडते का, या तीन गोष्टी बघा. कड नसेल तर अख्ख्या चाकाचं वजन स्टडवर आडवं येतं. अनेक पीसीडींना चालावा म्हणून लांबट भोकं पाडलेला स्पेसर फुकट मिळाला तरी घेऊ नका. दोन स्पेसर एकावर एक तर अजिबात नाही.

बसवण्याचा क्रम. मागे ड्रम आहेत, तेव्हा ड्रमच्या तोंडावर धरून ठेवणारे छोटे स्क्रू किंवा पत्र्याच्या चकत्या वर आलेल्या असतात. त्या काढा किंवा खाली बसवा, नाहीतर स्पेसर सपाट टेकत नाही आणि चाक डुगडुगतं. तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून उघड्या धातूपर्यंत आणा. रंगाचा थरही नको, तो दाबला जाऊन नंतर नट ढिले पडतात. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. ओल्या आट्यांवर तोच टॉर्क स्टडला कितीतरी जास्त ताणतो. टॉर्क रेंचने एकाआड एक क्रमाने तीन टप्प्यांत आवळा. बारा मि.मी.च्या स्टडला साधारण १०० ते ११० न्यूटन-मीटर लागतो, पण पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना. रिम पोलादी की अलॉय यानेही तो बदलतो: लँड क्रूझर ७० मालिकेत पोलादी रिमला २०९ आणि अलॉयला १३१ न्यूटन-मीटर, एवढी तफावत आहे. जुन्या जीपांमध्ये डाव्या बाजूला उलटे आटे असायचे, हेही लक्षात असू द्या. एअर गनने "टर्र" करून सोडून देणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नका.

पन्नास-शंभर किलोमीटरांनी चाक काढून आतले नट पुन्हा आवळा, मग पाचशेला, मग दर पाच हजारांना. बोल्ट-ऑन स्पेसरचा खरा धोका इथे आहे: आतले नट चाकाआड लपलेले असतात आणि ते कुणी बघत नाही. ढिले पडत चालल्याची खूण म्हणजे नटाभोवती लालसर तपकिरी पूड किंवा नटापासून बाहेर पसरलेल्या काळसर रेघा, आणि ठराविक वेगाला मागून येणारी थरथर. ती चाकाचं वजन जुळवून जात नसेल तर त्याच दिवशी चाक काढा. भोकं लंबगोल झाली असतील तर स्पेसर भंगारात, स्टडही बदला.

बेअरिंगवरचा भार रिमने बाहेर या की स्पेसरने, सारखाच वाढतो. हे विसरून "रिम आहे, स्पेसर नाही" असं समाधान करून घेऊ नका. मागच्या एका चाकावर ४५० किलो असतील तर ५० मि.मी. बाहेर सरकल्याने सुमारे २२० न्यूटन-मीटरचा जादा पीळ सतत पडतो, २५ ला त्याच्या निम्मा. रोलर बेअरिंगवरचा भार पाव पटीने वाढला तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, हा ढोबळ नियम. अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग की फुल-फ्लोटिंग यावर पुढचं ठरतं. चाकाच्या मधोमध रिमच्या भोकातून बाहेर आलेली, गोलाकार बोल्ट मारलेली टोपी दिसली तर फुल-फ्लोटिंग. तिथे वजन हाऊसिंगवरच्या (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या नळीवरच्या) दोन बेअरिंगांवर असतं आणि आतला शाफ्ट चाक फक्त फिरवतो. लँड क्रूझर ७९ चा मागचा अ‍ॅक्सल असा आहे. टोपी नसेल, ड्रमचं तोंड सपाट असेल तर सेमी-फ्लोटिंग: तिथे शाफ्टच वजन पेलतो आणि वाकण्याचा ताण थेट त्याच्यावर येतो. बेअरिंगपासून चाकाची मध्यरेषा समजा ६० मि.मी.वर होती, ती ११० वर गेली की हा ताण जवळपास दुप्पट. असा शाफ्ट बेअरिंगपाशी तुटला तर चाकासकट बाहेर येतो. सेमी-फ्लोटिंगवर ५० मि.मी. नको म्हणतो ते याच कारणाने.

तिसरा मार्ग म्हणजे हाऊसिंगच रुंद करणं. ऑस्ट्रेलियात लँड क्रूझर ७९ साठी नवं रुंद हाऊसिंग, लांब शाफ्ट, ब्रेकच्या नळ्या असा पूर्ण संच मिळतो आणि इंजिनिअरचं प्रमाणपत्र घेऊन तो बसवतात. त्यात चाकाची बेअरिंगशी असलेली जागा मूळचीच राहते, म्हणून अभियांत्रिकीच्या दृष्टीने तोच खरा इलाज. तो एवढा चालतो त्याला तिथले नियमही कारण आहेत. मूळ गाडीसोबत आलेले नसतील तर चाक आणि हबमधल्या स्पेसरना तिथे मनाई आहे, आणि ऑफ-रोड गाड्यांचा ट्रॅक नुसत्या रिम बदलून एकूण ५० मि.मी.पर्यंतच, म्हणजे दर बाजूला २५ वाढवता येतो. माझा २५ चा आकडा या मर्यादेशी जुळतो. एवढ्याने थारच्या टायरचा कोऱ्या वाळूवर चालणारा भाग पाव हिश्शावरून सुमारे १३ टक्क्यांवर येतो आणि वळणावर आतल्या बाजूचा फायदाही बराचसा शिल्लक राहतो. आपल्याकडे हाऊसिंगची नळी कापून मध्ये तुकडा घालून वेल्डिंग करून देणारे भेटतात. जिगशिवाय (भाग सरळ पकडून ठेवणाऱ्या साच्याशिवाय) केलेलं असं काम वेल्डिंग गार होताना वाकतं, शाफ्ट तिरका फिरतो, आणि ऑइल सील दर दोन महिन्यांनी गळायला लागतं. शाफ्टला तुकडा जोडून वेल्डिंग केलं असेल तर त्या गाडीत बसूही नका.

कायद्याचं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या, म्हणजे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाला धक्का लावणारा फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ उचलून धरला. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला स्पेसर दिसले तर विम्याच्या दाव्यात अडथळा येऊ शकतो. हे धरून चाला.

शेवटी बसवून झाल्यावरची तपासणी. मागचं एक चाक फळीवर किंवा दगडावर चढवून दुसरं लोंबकळू द्या, पाटे बंप स्टॉपला (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत. आता टायर मडगार्डच्या आत न जाता त्याच्या कडेवर जातो का ते बघा. २५ मि.मी.ला थारचं रुंद मडगार्ड सहसा पुरतं, ५० ला आणि वर मोठा टायर असेल तर कड टायरचा खांदा कापते. ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना तेही याच वेळी बघा. मग ३० किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या हबचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. दोन बाजूंत १५-२० अंशांहून जास्त फरक आला तर आधी ब्रेक लागून राहतोय का ते तपासा, तो मोकळा असेल तर त्या बाजूचं बेअरिंग उघडा.